मदत हवी आहे: समुद्राच्या पाण्यात निळा उजेड, पोरीच्या प्रश्नांना उत्तर काय देऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही पेडण्याचे. गेल्या आठवड्यात अमावास्येच्या आसपास रात्री मांद्र्याच्या किनाऱ्यावर गेलेलो तर लाट फुटली की निळी चमक, ओल्या वाळूवर पाय आपटला तरी ठिणग्या! माझी नऊ वर्षांची मुलगी अक्षरशः नाचत होती.

मी तिला सांगितलं की हे नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव, साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेरचे, त्यांच्यात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की उजेड पडतो आणि उष्णता जवळजवळ नाहीच. इथपर्यंत ठीक. पण आम्ही बाटलीभर पाणी घरी आणलं, पहिल्यांदा हलवलं तेव्हा मस्त चमकलं, लगेच परत हलवलं तर एकदम मंद, आणि तिसऱ्या रात्री काहीच नाही. आता ती विचारतेय, "पप्पा, ते थकले की मेले?" आणि मला खरंच सांगता येईना, चुकीचं काही सांगायचं नाहीये.

दुसरं, पाणी हललं हे एका पेशीला कळतं कसं? आणि चमकून त्यांना फायदा काय?

व्हिनेगरचे एकदोन थेंब टाकले तरी चमकतात असं वाचलंय, कोणी करून बघितलंय का? दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्थेत शाळेच्या मुलांना हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळतं का, कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, पोर रोज विचारतेय.