मदत हवी आहे: दोघांनी मिळून, न भांडता घटस्फोट. मुलीसाठी आणि घरच्यांसाठी आधार कुठे मिळेल?

निळी शाई

नमस्कार. इथे या वाटेने जाऊन आलेली माणसं आहेत हे जुने धागे वाचून कळलं, म्हणून लिहितेय.

मी आणि माझा नवरा घटस्फोट घेतोय. मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरं कुणी नाही. एकत्र राहायचं नाही हे दोघांनाही मान्य आहे. मुलगी पाचवीत आहे. पुण्यात राहतो, सध्या एकाच फ्लॅटमध्ये पण वेगळ्या खोल्यांत. फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यावर कर्ज. सासूबाई वर्षातला बराच काळ आमच्याकडे असतात, बाकी दिवस गावी. कृपया "पुन्हा एकदा विचार करा" असं लिहू नका. तो विचार भरपूर झालाय, समुपदेशकाकडे जाऊनही झालाय.

अडचण अशी आहे की भांडायचं असेल तर मदत करणारे पावलोपावली भेटतात, न भांडता वेगळं व्हायचं असेल तर कुणाकडे जावं ते कळत नाही. एका वकिलांनी पहिल्याच भेटीत मला एकटीला आत बोलावून सांगितलं, "आधी एक केस टाकून ठेवू, म्हणजे समोरचा वठणीवर येतो." समोरचा तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मुलीच्या क्लासला फोन करत होता, की आज तिला न्यायला उशीर होईल. मी तिथून उठून आले.

त्यानंतर वाचताना 'कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स' ही पद्धत समजली. अमेरिकेत मिनियापोलिसच्या स्टू वेब नावाच्या वकिलाने १९९० साली ती सुरू केली. दोघांचे वकील वेगळे, पण सगळे एकाच टेबलाभोवती बसतात. कोर्टात लढायचं नाही असं आधीच लिहून देतात आणि तरीही कुणी लढायला गेलंच, तर दोन्ही वकिलांना बाजूला व्हावं लागतं. त्यामुळे वकिलांनाही गोष्ट तुटेपर्यंत ताणण्यात रस उरत नाही. पैशांचा हिशोब मांडायला दोघांत मिळून एकच तटस्थ माणूस आणि मुलांशी बोलायला त्यातलाच जाणकार. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाचं कलम १३-ब आहे, हे मला माहीत आहे. पण अशी माणसं आपण जमवू शकतो का? कुणी जमवली आहेत का?

सगळ्यात जास्त काळजी मुलीची आहे. तिला अजून सांगितलेलं नाही, पण तिला लागायचा तो सुगावा लागलाय. शाळेच्या डायरीत एका पालकाची सही पुरते. हल्ली ती दोघांच्या घेते. आधी माझी, मग डायरी घेऊन त्याच्या खोलीत जाते आणि त्याची. आम्ही दोघंही काही न बोलता सही करतो. तिला कसं सांगायचं, कुणाच्या मदतीने सांगायचं, नंतर तिला बोलायला आमच्याखेरीज कोण असेल, हे मला हवंय. आणि शक्यतो मराठीत. ती मराठी माध्यमात आहे, मनातलं ती मराठीतच बोलते. या विषयावर तिच्या हातात देण्यासारखं मराठी पुस्तक मला दुकानांत सापडलं नाही.

दुसरी काळजी सासूबाईंची. घरात गौरी असतात. त्यांनी परवा एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी गौरीला पोरगी असेल ना?" मला उत्तर देता आलं नाही. आजी-आजोबांचं काय करायचं हे कुठल्याच वकिलाने आपणहून काढलं नाही. माझ्या मते कराराइतकंच ते महत्त्वाचं आहे, कारण शाळेतून आल्यावर मुलगी असते त्यांच्याचजवळ.

फी देऊ शकतो, पण लाखांत नाही.

---

रानजाई

मी बरीच वर्षं महिलांच्या समुपदेशन केंद्रात काम केलंय. आधी एक प्रश्न विचारते, राग मानू नका. टेबलाशी बसल्यावर तुम्हाला नवऱ्याची भीती वाटते का? मनातलं बोललं तर घरी गेल्यावर काय होईल, असं कधी वाटतं का? तसं असेल तर मिळून-मिसळून घटस्फोटाचा रस्ता तुमचा नाही. धाग्यावर असं कुणी वाचत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहे. तिथे आधी जा.

भीती नसेल तर मुलीबद्दल सांगते. दोघांनी एकत्र बसून सांगा, सुट्टीच्या दिवशी सकाळी. रविवारी रात्री अजिबात नको, दुसऱ्या दिवशी तिला शाळेत एकटीने ते पोटात घेऊन बसावं लागतं. काय बदलणार नाही ते आधी सांगा: शाळा तीच, मैत्रिणी त्याच, आजी तीच. मग बदलणार ते. तारखा ठरल्या नसतील तर "अजून ठरलं नाही, ठरलं की पहिल्यांदा तुला सांगू" म्हणा, खोटा शब्द देऊ नका. "तुझ्यामुळे नाही" हे एकदा सांगून पुरत नाही, या वयाची मुलं आपल्या वागण्यात कारण शोधत राहतात. आणि "तुला कुणाकडे राहायचंय?" हे विचारू नका. तो निर्णय मोठ्यांचा आहे, त्याचं ओझं तिच्यावर नको.

डायरीच्या सह्यांबद्दल तिला छेडू नका. दोघंही सह्या करत राहा. ती ज्या गोष्टीची खात्री करून घेतेय, ती तिला रोज मिळू द्या.

वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. ठाण्यातली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली, मुलांचं आणि कुटुंबांचं समुपदेशन मराठीत करते, पुण्यातही त्यांचं केंद्र आहे. रात्री-बेरात्री तुम्हालाच बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट आणि मराठीतही. मुलांना आधार देता देता आई-बापच कोसळतात, ते मी फार पाहिलंय.

---

निळी शाई

भीती नाही, रानजाई. विचारलंत ते बरं केलंत. "कुणाकडे राहायचंय" हे आम्ही विचारणारच होतो, तिला मान दिल्यासारखं होईल म्हणून. आता नाही विचारणार.

---

बाभूळ

नाशिकला कौटुंबिक प्रकरणं चालवतो. ताई, थोडं कायद्याचं.

एका फ्लॅटमध्ये राहता म्हणून अडत नाही. अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, पण वेगळं म्हणजे पतिपत्नी म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी चालतं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा सुरेश्ता देवी निकाल आहे. त्याच निकालाने असंही ठरलं की घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून सगळं नीट लिहून काढायचं असतं. दाखल केल्यावर सहा महिने थांबावं लागतं. तुम्ही आधीच दीड वर्ष वेगळे असाल आणि ताबा, पोटगी खरोखर मिटलेली असेल तर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाच्या आधारे ते सहा महिने माफ करायला सांगता येतं. माफ करायचे की नाही ते न्यायाधीश ठरवतात.

कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींचा कागद, एकाच वकिलाकडून लिहून घेतात पुष्कळजण, त्यात गैर नाही. पण सही करण्याआधी प्रत्येकाने आपापल्या वेगळ्या वकिलाला तासभराची फी देऊन मसुदा वाचून घ्या. इथे वाचवलेले पैसे पुढे फार महागात जातात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. दावा दाखल करण्याआधीच मध्यस्थी हवी आहे असंही तिथेच सांगा. एकच तटस्थ माणूस दोघांना घेऊन बसतो. तुम्ही म्हणता त्या पद्धतीच्या सर्वांत जवळचं आपल्याकडे हेच आहे.

पैशांबद्दल वाद नसला तरी दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र भरा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात त्याचा नमुनाच दिलाय, दाव्यात पोटगी मागताना तो सक्तीचा असतो. तो समोर ठेवून भरलात की विमा, पीएफ, सोनं, काही सुटत नाही. कर्जाचं मात्र लक्षात घ्या: "हप्ते नवरा भरेल" असं कोर्टासमोर लिहून दिलं तरी बँक त्याला बांधील नाही. बँक जोवर तुमचं नाव कर्जातून काढत नाही तोवर थकलेल्या हप्त्याला तुम्हीही जबाबदार. फ्लॅट एकाच्या नावावर करायचा असेल तर तेही आधी विचारा. महाराष्ट्रात राहतं घर पतिपत्नींत बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. घटस्फोटानंतर तुम्ही पतिपत्नी नसता, म्हणजे ती सवलतही नाही. पण हुकुमाआधी घर देऊन टाकलं आणि संमती मागे गेली तर? म्हणून कोणता कागद कोणत्या दिवशी हे मसुद्यात तारखेसकट लिहून घ्या.

मुलीची पोटगी सोडून देण्याचं कलम कुणी घालायला सांगितलं तर घालू नका. तो हक्क तिचा आहे, तुम्हाला सोडता येत नाही. आणखी एक. ताब्याच्या वादात समुपदेशकाने मुलीबद्दल दिलेला अहवाल न्यायालय पाहू शकतं, २०१९ च्या पेरी कान्साग्रा निकालात ते आलंय. तिला काहीही पढवून पाठवू नका.

---

एडिसनकर

माझा घटस्फोट न्यू जर्सीत याच पद्धतीने झाला. इथे २०१४ साली त्यासाठी कायदाच झाला. तुमच्याकडे ती सगळी टीम मिळणार नाही, पण आमची जी शिस्त होती ती फुकटात घेता येईल. बैठकीचे विषय आधी लिहून पाठवायचे. एका बैठकीत दोन-तीनच. आणि बैठकीतला विषय घरी ओट्याशी उभं राहून काढायचा नाही. हा शेवटचा नियम आम्हाला सर्वांत जड गेला आणि त्यानेच निभावलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त मुलाचं: डबा, औषध, क्लास, कोण आणणार. बाकी सगळं ईमेलवर.

मुलाशी बोलणारी बाई वेगळी होती. ती त्याच्याशी खेळत बोलायची आणि आमच्यासमोर येऊन त्याचं म्हणणं मांडायची. त्याला हवं होतं ते अगदी साधं होतं: क्रिकेटची किट दोन्हीकडे असावी, दर वेळी ओढून न्यायला लागू नये. आम्ही दोघं शनिवार-रविवारच्या वाटणीवर तास घालवत होतो, किट आमच्या डोक्यातही नव्हती.

परदेशातल्या वाचकांसाठी: लग्न भारतात झालं असेल तर इथला हुकूम तिथे चालावा म्हणून दोघांनीही स्वेच्छेने इथल्या कोर्टासमोर येणं महत्त्वाचं आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा वाय. नरसिंह राव निकाल आहे. आपल्या वकिलाला हे विचाराच.

---

काटेसावर

मी सासूच्या बाजूची आहे. माझ्या मुलाचा घटस्फोट झाला तेव्हा नात तिसरीत होती. मला कुणी काही विचारलं नव्हतं, सगळं ठरल्यावर कळलं. मग मीच सुनेला फोन केला, म्हटलं, मला न्याय-अन्याय काही करायचा नाही, फक्त सणांचं सांग.

आम्ही दोघींनी कालनिर्णय पुढ्यात घेऊन ते लिहिलं. गौरीजेवणाला नात आमच्याकडे, विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी आईकडे. दिवाळी पाडव्यापर्यंत आईकडे आणि भाऊबीजेला इथे, कारण चुलतभाऊ इथे आहेत. मे महिन्याचे पहिले पंधरा दिवस माझ्याकडे गावी, त्यात मुलगा नसला तरी. हे शेवटचं वाक्य वकिलांनी आधी गाळलं होतं, मी घालायला लावलं. "वडिलांकडे" एवढंच लिहिलं की वडील दौऱ्यावर असले म्हणजे आजी संपली. तुमच्या सासूबाईंचं नाव कागदात घाला. आणि त्यांना कागद व्हायच्या आधी सांगा, तुम्ही दोघांनी मिळून.

---

निळी शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काटेसावर, तुमचं उत्तर मी नवऱ्याला वाचून दाखवलं. येत्या रविवारी आम्ही दोघं सासूबाईंशी बोलणार आहोत, त्यांच्याबरोबर सणांची यादी करणार आहोत. मुलीला सांगणं त्यानंतर, शाळेच्या परीक्षा संपल्या की. आधी आयपीएचमध्ये वेळ मागतेय, म्हणजे सांगण्याआधी आम्हा दोघांनाच तिथे बसता येईल. शिवाजीनगरला विधी सेवा प्राधिकरणात जाऊन मध्यस्थीची चौकशी तो करून येणार आहे, ते त्याने आपणहून घेतलं.

अजून एक मागणी आहे. पालकत्वाच्या आराखड्याचा मराठी नमुना कुणाकडे आहे का? कायदा आयोगाच्या २०१५ च्या २५७ व्या अहवालात असा आराखडा असावा अशी शिफारस आहे, पण तो अहवाल मी वाचला तो इंग्रजीत, आणि आमच्या घरी वाचणाऱ्यांत सासूबाईही आहेत. कुणी स्वतःच्या कन्सेंट टर्म्समधली भेटीची, सुट्ट्यांची, आजारपणाची, पासपोर्टच्या सह्यांची कलमं नावं खोडून इथे टाकू शकलं तर फार उपयोग होईल. आजारपणाचं विशेष हवंय: ताप आला त्या दिवशी ती दुसऱ्या घरी असेल तर न्यायचं की तिथेच राहू द्यायचं, हे लोकांनी कसं लिहिलंय?