शाळेच्या शेअर्ड डेबियनवर फ्लॅटहब दोन-दोनदा दिसतंय, युजरवालं काढू का?

लॅबवाली_ताई
नमस्कार, शाळेच्या लॅबमध्ये एक डेबियन १२ (लिनक्स) चं मशीन आहे, मुलांची वेगवेगळी लॉगिन आहेत आणि ॲडमिन मी एकटीच. फ्लॅटहब (लिनक्सवरच्या फ्लॅटपॅक पद्धतीच्या ॲप्सचं ऑनलाइन भांडार) मी सगळ्यांसाठी म्हणून सिस्टिमवर टाकलं होतं, पण मुलांनी नेटवरचं बघून आपापल्या लॉगिनमध्ये --युजर (म्हणजे फक्त स्वतःपुरतं) लावून तेच परत टाकलंय. आता होमचं पार्टिशन भरत आलंय आणि काही इन्स्टॉल करायला गेलं की विचारतं, फ्लॅटहब दोन ठिकाणी सापडलं, कुठलं वापरू? सगळ्यांचं युजरवालं उडवू का? क्रिटा या चित्रं काढायच्या ॲपमधले मुलांचे ब्रश आणि सेटिंग जायला नकोत.

रूटवर_नको
ताई, थेट फोल्डर डिलीट करू नका. आधी त्या त्या लॉगिनमधून 'फ्लॅटपॅक रिमोट्स' चालवा (रिमोट म्हणजे ॲप जिथून येतात ते ठिकाण, इथे फ्लॅटहब), सिस्टिम की युजर ते समोरच दिसेल, आणि 'फ्लॅटपॅक लिस्ट --युजर' ने त्या मुलानं काय बसवलंय ते. सिस्टिमचं सगळं /व्हार/लिब/फ्लॅटपॅक मध्ये असतं, मुलांचं ज्याच्या त्याच्या होममध्ये .लोकल/शेअर/फ्लॅटपॅक मध्ये. सारख्या फाइली फ्लॅटपॅक एकदाच ठेवतं पण ते एका रिपॉझिटरीच्या (सिस्टिमच्या किंवा एकेका मुलाच्या साठ्याच्या) आतच, त्यामुळे चार पोरांनी आपापलं क्रिटा घेतलं की केडीईचा रनटाइमसुद्धा (ॲप चालायला लागणारा सामायिक भाग) चारदा उतरतो, तुमची जागा तिथे गेलीय.

क्रम असा ठेवा. आधी सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून क्रिटा --सिस्टिमने बसवा, मग मुलाच्या लॉगिनमधून 'अनइन्स्टॉल --युजर' करून त्याची कॉपी काढा, त्यानंतर 'अनइन्स्टॉल --युजर --अनयुज्ड', म्हणजे बिनकामाचे रनटाइम जातील. युजरची कॉपी तशीच राहिली तर मेनूतून तीच उघडत राहील, कारण दोन्ही असली की युजरवाली आधी धरली जाते. ब्रश-सेटिंग होममधल्या .व्हार/ॲप मध्ये असतात, दोन्ही कॉप्या तीच जागा वापरतात, फक्त काढताना --डिलीट-डेटा लावू नका.

आणि मुलांचं सुडो लावून करायला जाऊ नका हं, सुडोसोबत --युजर म्हणजे रूटचं (मुख्य ॲडमिन खात्याचं) होम, मुलाचं नाही.

कमांडलाइन_कट्टा
वरचं सगळं बरोबर, पण मुलांचं रिमोट पूर्ण काढू नका असं मला मनापासून वाटतं. पासवर्ड न मागता एखादं ॲप स्वतः बसवून बघायची तेवढीच एक जागा त्यांच्याकडे आहे, ती बंद केली की शिकणंच थांबतं. लागणारा रनटाइम सिस्टिमवर आधीच असेल तर युजरचं ॲप तोच वापरतं, परत उतरवत नाही (सिस्टिमचं ॲप युजरचा रनटाइम वापरू शकत नाही), म्हणून केडीई आणि ग्नोमचे रनटाइम सिस्टिमवर ठेवा, मुलांच्या प्रयोगाला फार जागा लागणार नाही.

अडचण खरी अपडेटची आहे. तुम्ही तुमच्या लॉगिनवरून 'फ्लॅटपॅक अपडेट' केलं की सिस्टिमचं आणि तुमचं होतं, मुलांच्या होममधलं तसंच जुनं राहतं. ब्राउझरसारखी गोष्ट म्हणूनच सिस्टिमवर हवी.

लॅबवाली_ताई
दोघांचेही आभार! एका लॉगिनवर करून बघितलं, ब्रश जसेच्या तसे आहेत आणि जागाही चांगली मोकळी झाली. रिमोट ठेवतेय मग. पण मुलं कुणीही बनवलेलं काहीही बसवतील त्याचं काय?

रूटवर_नको
मुलाच्या लॉगिनमधून 'रिमोट-मॉडिफाय --युजर --सबसेट=व्हेरिफाइड फ्लॅटहब' करा, मग त्या रिमोटवर मूळ डेव्हलपरनं व्हेरिफाय केलेलीच ॲप्स दिसतील. कुलूप नाही हे, मुलगा स्वतः बदलू शकतो, पण चुकून काहीतरी बसवणं बरंच कमी होईल. सिस्टिमच्या रिमोटला मात्र लावायच्या आधी तुम्हाला लागणारी सगळी ॲप्स व्हेरिफाइड आहेत का ते बघून घ्या.