पाखऱ्याचे पैसे येतात, हौशाचं काय?

कोरडवाहू_अहमदपूर:

राम राम मंडळी. प्रश्न बैलांचा आहे, पण ज्यांच्या दावणीला बैल नाहीत त्यांनीही सांगा. बैलवाले सगळे एकच सांगायलेत.

साडेसहा एकर कोरडवाहू, तालुका अहमदपूर, जिल्हा लातूर. दोन लाल कंधारी बैल. हौशा 2013 ला हळीच्या बाजारातून आणलेला, तेव्हा दोनदाती, म्हणजे दोन-अडीच वर्षांचा गोऱ्हा होता. वडिलांनी पारखून घेतला होता, आता वडील नाहीत. हौशाचे पुढचे दात झिजलेत, कडब्याची कुट्टी करून टाकली तरच खातो. पाखऱ्या घरच्या गाईचा, आठ वर्षांचा, अंगात रग आहे.

नांगरट आणि पेरणी ट्रॅक्टरवर गेली. बैलांना उभ्या पिकातलं तण काढायची कोळपणी उरली होती, तीही आता अर्धीच राहिली, कारण सगळा गाव पेरणीनंतर वीस दिवसांत तणनाशक मारून मोकळा होतो. पूर्वी बैलाचा असा वेगळा खर्च कुणी मोजत नव्हतं. दोन-अडीच एकर ज्वारी असायची, दाणे आपल्याला, कडबा त्यांना. रान सगळं सोयाबीनखाली गेलं आणि कडबा विकत आणायची पाळी आली. सोयाबीनची गुळी, म्हणजे भुसा, खातात, पण नुसत्या गुळीवर बैल कामाला टिकत नाही.

दिवाळी झाल्यापासून एक हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, चकरा मारायलाय. जोडीचे 75 हजार म्हणतो. एकट्या पाखऱ्याचे 55 देतो म्हणाला. एकट्या हौशाचं विचारलं तर हसला आणि चहा पिऊन गेला.

आता माझी गंमत ऐका. रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो की हिशोब असा निघतो: कडबा 800 पेंढ्या, शेकडा अडीच हजारानं 20 हजार, पेंड, मीठ, औषध 12 हजार. खर्च 32. उत्पन्न म्हणजे घरची कोळपणी, वखरणी भाड्यानं करावी लागली असती तिचे 10 हजार, दुसऱ्याच्या रानात गेले त्याचे 12, शेणखत चार ट्रॉल्या साडेतीन हजारानं 14. झाले 36. म्हणजे चार हजार शिल्लक. बैल ठेवावेत.

सकाळी तोंड धुऊन तोच हिशोब मांडला की शेणखत दोन ट्रॉल्या अडीच हजारानं निघतं, भाड्याचं काम पाच हजारांवर येतं, आणि बारा हजारांचा खड्डा पडतो. बैल विकावेत.

वही तीच, पेन तोच. यातलं खरं कोणतं?

घरातलं सांगतो. आई ऐंशीच्या जवळ आहे. मला वाटलं ती रडेल, तर म्हणाली, "इकून टाक की, काय पुजायचेत का?" पोरगा पुण्यात कंपनीत आहे, तो म्हणतो, पप्पा अजिबात विकायचे नाहीत. पोळ्याला येतो, झूल घातलेल्या बैलांबरोबर फोटो काढतो, स्टेटसला लावतो, रातच्या ट्रॅव्हल्सनं परत जातो.

मला झोप नाही. डोकं म्हणतं वीक, आणि गोठ्यात गेलो की हौशा मान पुढं करतो, गळ्याखाली खाजवून घ्यायला. सांगा.


हिशोबी_बार्शी:

दादा, भावना बाजूला ठेवतो, आधी वही बघू.

दोन बैलांचं चार ट्रॉल्या शेणखत होत नाही. एक बैल दिवसाला दहा-बारा किलो शेण टाकतो, त्यातलं रानात आणि रस्त्यात पडतं ते गेलं, उकिरड्यात वाळून निम्म्याच्या खाली येतं. दोघांचं दीड, फार तर दोन ट्रॉल्या. म्हणजे तुमचा रात्रीचा हिशोब शेणखतात फुगवलाय. सकाळचा हिशोब खतात बरोबर आहे, पण भाड्याचं काम निम्म्याहून खाली का आणलं ते तुम्ही लिहिलं नाही. आणि दोन्ही हिशोबांत तुमची स्वतःची मजुरी कुठंच नाही. सकाळ-संध्याकाळ दीड-दोन तास धरा, वर्षाचे किती होतात बघा.

मनात आधी ठरतं आणि वही नंतर त्याला सह्या देते, असं दिसतंय. रात्री ठेवायचं ठरतं, सकाळी विकायचं.

माझा सल्ला: विकायचे, पण आत्ता नाही. सुगी संपली की बैलाचा भाव पडतो, मृग जवळ आलं की चढतो. हेडी आत्ता चकरा मारतोय ते तुमच्यावरच्या प्रेमानं नाही. मे महिन्यात हेच बैल जास्त देतील. मधल्या चारा-पाण्याचा खर्च वजा करून बघा, तरी परवडतं का ते.


गुरांचा_डॉक्टर:

सरकारी दवाखान्यात नोकरी केली, आता निवृत्त. दोन-तीन गोष्टी सांगतो.

बैल चार-साडेचार वर्षांत जुळतो, म्हणजे त्याचे सगळे दात येतात, साधारण दहा-बारापर्यंत नेटानं काम करतो. हौशा त्यापुढं गेलाय. त्याला जुवाखाली घालताच असाल तर दुपारचं काम बंद करा. पुढच्या पायाचे गुडघे सुजतात का, उठताना आधी मागचे पाय टेकून थांबतो का, हे बघून मला कळवा.

दुसरं, हेडी जोडी मागतोय याचा अर्थ समजून घ्या. 55 हजार पाखऱ्याचे, मग वरचे 20 हजार कशाचे? चौदा वर्षांचा बैल नांगराला कुणी घेत नाही. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. त्यासाठी विकणं किंवा राज्याबाहेर नेणं हाही गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. कायदा आला तसा म्हाताऱ्या बैलाचा उघड भाव संपला, आणि जो उरला तो कुठल्या वाटेनं जातो ते बाजारात फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुम्हालाही आहे, म्हणून झोप नाही. यात मला डोकं आणि मन वेगळं दिसत नाही. हे वीस हजार नकोत, असं दोघंही म्हणतायत.

कुणालाही विका, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर पावतीवर घ्या आणि घेणाऱ्याच्या नावावर नोंद बदलून घ्या.


माळकरी_नांदेड:

गोशाळेला देऊन टाका. पुण्य पण, मोकळीक पण.


गुरांचा_डॉक्टर:

@माळकरी, द्यायला हरकत नाही, पण आधी जाऊन बघून यावं. चाऱ्याची गंजी बघावी, पाण्याचा हौद बघावा, आजारी जनावरं कुठं बांधतात ते बघावं. 2024 साली सरकारनं गोशाळांना जनावरामागं रोज 50 रुपये जाहीर केले ते देशी गायींसाठी. बैल नेऊन सोडला की चाऱ्याचे पैसे मागतात, आणि त्यांचंही चुकत नाही. खायला तर तो दोन्हीकडं तेवढंच खाणार.


शेणाचा_हात:

मी परभणी जिल्ह्यातली. इथं लिहीत नाही, नुसतं वाचते. आज राहवलं नाही.

भाऊ, तुम्ही आईचं लिहिलं, मुलाचं लिहिलं, हेड्याचं पण लिहिलं. वहिनी काय म्हणतात ते कुठंय? तुमच्या गोठ्यातलं शेण कोण काढतं? पावसाळ्यात गोठा चिकचिक होतो तेव्हा खराटा कोणाच्या हातात असतो? तुम्ही लग्नाला, दवाखान्याला गावाला गेलात की दोन्ही टायमाला पाणी कोण दाखवतं? त्यांना माहेरी मुक्कामाला जाता येतं का?

आमची जोडी 2019 ला विकली. नणंद फोनवर रडली, वर्षातून दोनदा येते ती. सासरे दोन दिवस जेवले नाहीत. मी रडले नाही. मला त्या बैलांची माया नव्हती असं नाही, एकाच्या शिंगाची खूण अजून दंडावर आहे आणि तरी त्याच्याच अंगाला अंग लावून गोचीड काढायची मी. पण विकल्यावर मी पहिल्यांदा बहिणीकडं आठ दिवस राहून आले.

तुमची माया खरी असेल. पण तिची मजुरी दुसरं कोणीतरी भरतंय का ते बघा. हिशोबीदादांनी "तुमची स्वतःची मजुरी" धरायला सांगितलं. ती तुमची आहे हे त्यांनी कशावरून धरलं?


हिशोबी_बार्शी:

ताई, रामराम. ते मी धरायला नको होतं.


कोरडवाहू_अहमदपूर:

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहिलं नाही कारण घरात बोलणं चाललं होतं.

आधी हिशोबीदादा: चार ट्रॉल्यांत गाईचं शेण पण होतं, ते लिहायचं राहिलं. तरी रात्रीचा आकडा उचलून धरल्यासारखा होता, हे मान्य.

ताई, विचारलं. तुमचा मजकूर वाचूनच दाखवला. ती आधी म्हणाली, "आत्ता विचारायलात व्हय." मग भांडी घासून झाली आणि म्हणाली, पाखऱ्या द्या, हौशा राहू द्या. मी म्हणलं, उलटं आहे हे, कामाचा विकायचा आणि बिनकामाचा पोसायचा? तर म्हणाली, कामाच्याला कुठंही कुणीही खाऊ घालतंय. आणि एकाचं शेण मी काढू शकते, दोघांचं आता कंबर ऐकत नाही. हौशा दावं तोडत नाही, मारत नाही, मी भावाकडं गेले तर आई बसल्या जागेवरून त्याला पेंढी टाकतील.

वही काढली. एकट्या हौशाचा वर्षाचा खर्च 15-16 हजार, कुट्टी धरून. पाखऱ्याच्या पैशातून तीन वर्षं आरामात निघतील. हौशा तेवढी काढेल का, ते डॉक्टरसाहेबांनाच माहीत. कोळपणी भाड्यानं करून घेईन.

हेड्याला नाही म्हणून सांगितलं. बाजूच्या गावात तीन एकरवाला एक शेतकरी आहे, त्याचा एक बैल लम्पीत गेला, तेव्हापासून एकटा बैल घेऊन इर्जिकीवर, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं काम करून, भागवतो. त्याच्याकडं ट्रॅक्टरला पैसे नाहीत आणि रान इतकं उताराचं आहे की ट्रॅक्टर आडवा चालत नाही. तो 48 देतो म्हणतो, निम्मे आत्ता, निम्मे तूर निघाल्यावर. हेड्यापेक्षा सात हजार कमी, तेही उधारीवर. डोकं इथं परत कुरकुरायलंय. पोराला अजून सांगितलं नाही.

एक अडचण आहे. पाखऱ्या जुवाच्या डाव्या अंगाला चालतो, सुरुवातीपासून. त्या शेतकऱ्याचा उरलेला बैलही डावाच. आठ वर्षांचा बैल अंग बदलतो का?


गुरांचा_डॉक्टर:

बदलतो, पण लगेच कामाला जुंपू नका म्हणावं. त्यांचा बैल वयानं किती आहे ते विचारा, दोघांत जो गरीब स्वभावाचा असेल त्याला उजवीकडं घ्यायचा. आधी नुसतं जू ठेवून बांधावरून फिरवायचं, मग रिकामी गाडी, मग हलकं वखर, तेही भुसभुशीत रानात. पहिले काही दिवस कासरा धरायला तुम्ही स्वतः जा, तुमचा आवाज ओळखीचा आहे. खांद्याला कातडं सोललं तर थांबा आणि मला फोटो पाठवा. आणि उरलेले निम्मे पैसे तुरीवर आहेत हे कागदावर लिहून घ्या, ओळखीतला असला तरी.