पहिलाच हंगाम: झेंडू छातीएवढा झाला, पण दसऱ्याला एक फूल नाही

निंबाखालचं अंगण (इंदूर)

नमस्कार. मी लोकमान्य नगरात राहते, यंदा मार्चमध्ये शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाले. घरामागे १४ बाय २० फुटांची जागा आहे. तिथे कितीतरी वर्षं पत्र्याची शेड होती. मे महिन्यात ती काढली आणि ठरवलं, इथे भाजी आणि फुलं लावायची. याआधी तुळशीपलीकडे मी काही लावलेलं नाही.

सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. दसऱ्याचं तोरण अजून स्वतः ओवतात. देवासला त्यांच्या माहेरी झेंडू कधी विकत आणला नाही, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. म्हणून यंदाचं तोरण घरच्या फुलांचं, असं त्यांना कबूल केलं होतं.

माती आपली माळव्याची, काळी. वरच्या वीतभर थरात विटांचे तुकडे आणि जुना चुन्याचा गिलावा निघाला. तो वेचण्यात आठ दिवस गेले. मग गोशाळेतून बारा तगाऱ्या ताजं शेण आणलं आणि सगळीकडे मिसळलं. जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी भेंडी, गवार, गिलकी (म्हणजे घोसाळी), टोमॅटो, मिरची, झेंडू सगळं एकदमच पेरलं. झेंडूचं बी मागच्या वर्षीच्या तोरणातली सुकलेली फुलं कुस्करून काढलं होतं.

भेंडी फार छान आली. आठवड्यातून दोनदा घरची भाजी होते, शेजारी देऊनसुद्धा. गवारही बरी. टोमॅटोची रोपं मात्र चार पानांची झाली आणि जुलैत तीन-चार दिवस झड लागली तेव्हा बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. एका रात्रीत अकरा गेली. गिलकीचा वेल भिंत ओलांडून शेजाऱ्यांच्या जिन्यावर पोचला आहे. रोज सकाळी तीस-चाळीस पिवळी फुलं आणि संध्याकाळी सगळी खाली. आजवर एकच गिलकी धरली, तीही बोटाएवढी होऊन पिवळी पडली.

आणि झेंडू. छातीला लागतो, खोड अंगठ्याएवढं, पानं गर्द हिरवी. ऑगस्टच्या शेवटी एकाने सांगितलं म्हणून शेंडेही खुडले. दसऱ्याला चार कळ्या होत्या, घट्ट मिटलेल्या. आदल्या दिवशी बाजारातून दीड किलो फुलं आणली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, मुकाट्याने तोरण ओवलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं नक्की कुठे चुकलं? गिलकीला फळ का धरत नाही? आणि आता थंडीची लावणी करायची तर या मातीचं काय करू? आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही लक्षात घ्या.

तगारीवाला

ताई, आधी एक सांगा. झेंडूच्या ओळीला ऊन किती तास मिळतं? आणि ती नेमकी कुठे आहे?

निंबाखालचं अंगण (इंदूर)

मागच्या भिंतीला लागून, म्हणजे पश्चिमेला. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा मोठा कडुनिंब आहे. सकाळी घराची सावली असते ती साडेनऊला हटते, आणि दीडनंतर निंबाची सावली येते. चार तास धरा.

तगारीवाला

मग झालं. झेंडूला सहा तास तरी थेट ऊन हवं. तुमच्याकडे तीन कारणं एकत्र आली आहेत.

पहिलं ऊन. दुसरं शेण. बारा तगाऱ्या ताजं शेण म्हणजे नत्र (नायट्रोजन) भरपूर. नत्र जास्त झालं की झाड पानं आणि फांद्या वाढवत राहतं, फुलाकडे वळायला उशीर करतं. गर्द हिरवं पान, जाड खोड आणि कळी नाही, हीच त्याची खूण. भेंडीला तेच मानवलं, म्हणून ती तिथेच छान आली. तिसरं कारण खुडणी. शेंडा खुडायचा असतो हे खरं, त्याने बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. पण खुडल्यावर फूल दोन-तीन आठवडे पुढे जातं. ऑगस्टच्या शेवटी खुडलंत, म्हणजे दसरा हातचा गेला. रोप लावल्यावर महिन्याभराने एकदाच खुडायचं, पुढे कात्री लावायची नाही.

बियांचंही थोडं आहे. बाजारातल्या हारातला झेंडू बहुतेक संकरित असतो. त्याचं बी उगवतं, पण झाड आईसारखं निघेलच असं नाही. एखादं उंच होतं, एखाद्याला उशिरा फूल येतं.

पण झाडं उपटू नका. दिवस लहान होऊ लागले की उंच झेंडूला फुलाची ओढ लागते. त्या चार कळ्या उमलतील, मागून आणखी येतील. आता शेण, खत काहीही घालू नका, पाणी बेताने द्या आणि बांबू लावून बांधा, नाहीतर फुलांच्या वजनाने मोडतील. बुडाशी मूठभर चुलीची राख घालून बघा.

शिवाय कळी नसलेले चार बोटं लांबीचे शेंडे कापा, खालची पानं काढा आणि ओल्या वाळूत सावलीला खोचा. दहा-पंधरा दिवसांत मुळ्या फुटतात. ती रोपं मोकळ्या उन्हात लावा, थंडीत फुलं मिळतील. पुढच्या वर्षीसाठी मात्र पंचांग उघडा. अधिक महिना आला की दसरा पुढे सरकतो, म्हणून ‘जूनमध्ये पेरायचं’ असं ठरवू नका. दसऱ्याच्या तारखेपासून तीन महिने मागे मोजा आणि त्या आठवड्यात बी टाका.

विश्वामित्रीकाठ (वडोदरा)

ताई, गिलकीचं मी सांगते. आमच्याकडे बडोद्यात हिला गलका म्हणतात आणि माझ्या गच्चीवर दरवर्षी असते.

वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फुलं झुबक्याने येतात, देठ बारीक आणि सरळ. मादी फूल बहुतेक एकेकटं असतं आणि त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी गिलकी आधीपासूनच असते. तुमची तीस-चाळीस फुलं जवळजवळ सगळी नर असणार. त्यांचं गळणं म्हणजे रोग नाही, नर फूल एक दिवसाचंच असतं. नत्र जास्त आणि दिवस लांब असले की वेल नर फुलं फार काढतो. आता मादी फुलं वाढायला लागतील, पण थंडी वाढली की वेल थांबतो. म्हणजे हाताशी चार-पाच आठवडे आहेत. ते वाया घालवू नका.

बोटाएवढी होऊन पिवळी पडली त्या गिलकीला परागच मिळाला नसावा. पावसाळी सकाळी मधमाश्या फिरकत नाहीत. तुम्ही सकाळी सात-साडेसातला जा. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे करा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. फळ धरलं तर तीन-चार दिवसांत देठ जाड होऊन ते वाढायला लागतं. नाही धरलं तर पिवळं पडतं.

वेळ मात्र वेलागणिक वेगळी. पुढे कधी दुधी किंवा दोडका लावलात तर त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा हे काम दिवेलागणीला करायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी दुधीच्या मिटलेल्या फुलांशी मी रोज सकाळी झटत होते.

सासूबाईंचं वाचून माझ्या आईची आठवण आली. त्यांना सकाळी खुर्ची टाकून वेलाजवळ बसवा. मादी फूल शोधायला म्हातारी नजर चांगली, त्यांना घाई नसते.

काळीमाती (इंदूर)

मी इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकलो, आता वय ७०. वरचे दोन्ही सल्ले चांगले आहेत, फक्त राखेबद्दल माझं मत वेगळं आहे. आपली काळी माती मुळात अल्कधर्मी, त्यात तुमच्याकडे चुन्याचा गिलावा मुरलेला. राखही अल्कधर्मीच. ती थेट मुळाशी घालू नका. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर समजा की मुळांना लोह मिळत नाही. राहिलेला गिलावा प्रत्येक खणणीत वेचत राहा.

टोमॅटो गेले ते रोपांच्या मर रोगाने. ही बुरशी साचलेल्या पाण्यात फोफावते. काळी माती पाणी पिते, फुगते आणि मग खाली उतरू देत नाही. उन्हाळ्यात हीच माती हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून आपल्याकडे सपाट जमिनीत पावसाळी रोपं करू नयेत. सहा ते आठ इंच उंच गादीवाफा करा, रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. ओल्या काळ्या मातीत एकदा पाय दिला की ती जागा घट्ट बसते. कुणी म्हणेल चार तगाऱ्या वाळू मिसळा. नका मिसळू. थोड्या वाळूने ही माती विटेसारखी होते. तिला हवं आहे कुजलेलं खत, दरवर्षी.

आणि ते करण्याची रीत आपल्याच गावाच्या नावाने जगभर ओळखली जाते, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचं आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. माळव्यातल्या शेतकऱ्यांकडे जे फुकट मिळतं त्याच्यावर त्यांनी ‘इंदूर पद्धत’ बसवली: काडीकचरा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख. कापसाच्या पऱ्हाट्या लवकर कुजेनात, तर त्या रस्त्यावर अंथरून बैलगाड्यांखाली चिरडून घेत. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं म्हणून ढीग जमिनीवर रचत. विद्यार्थी असताना त्या आवारात रोज वावरलो, तरी या गोष्टीची किंमत मला नोकरीत बाहेर गेल्यावर कळली.

तुम्ही छोट्या प्रमाणावर असं करा. निंबाखालची सावली भाजीला निकामी, पण ढिगासाठी उत्तम. तीन भाग पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा, एक भाग शेण, मधूनमधून मूठभर माती. राख इथे चिमूटभर चालेल. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा. दोन आठवड्यांनी एकदा, आणखी दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्यांदा, आणि ढीग रचल्यापासून दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा उलटा. सुमारे तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत होतं. ओला-सुका कचरा आपण इंदूरकर तसाही वेगळा करतोच, त्यातला ओला गाडीत न टाकता घरी ठेवायचा, एवढंच.

थंडीसाठी: मेथी आणि पालक आत्ताच पेरा. मेथी महिन्याभरात खुडायला येते. धने अख्खे नकोत, हलके रगडून दोन फाकी करा. बटला, म्हणजे मटार, रात्रभर भिजवून लावा, दिवाळीच्या आसपास हीच वेळ. गाजर यंदा नको, जड मातीत वाकडं होतं आणि फाटतं. मुळा चालेल. वाफ्याच्या कडेला लसूण लावा, पाकळ्या टोक वर करून. आपला माळवा लसणाचा मुलूख आहे. टोमॅटो बियांपासून करू नका, उशीर झाला. रोपवाटिकेतून आठ-दहा रोपं आणा. पाणी एक दिवसाआड आलं तरी एक दिवसाआड द्यायलाच हवं असं नाही. दोन पेरं बोट मातीत घालून बघा, ओल लागली तर नळी ठेवून द्या.

निंबाखालचं अंगण (इंदूर)

तिघांनाही मनापासून नमस्कार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे कारण हात रिकामे नव्हते.

दोन गादीवाफे केले, माती वर ओढायला भाच्याला बोलावलं. मेथी चार बोटं झाली आहे. बटल्याला आज पहिले तणावे दिसले. टोमॅटोची नऊ रोपं, सगळी उभी आहेत. निंबाखाली ढीग रचला, काल पहिल्यांदा उलटला तेव्हा आतून वाफ निघाली आणि मी घाबरून काळीमाती काकांना विचारायला धावणार होते, पण मग हात घालून पाहिला, ऊब छान होती.

सासूबाई रोज साडेसातला खुर्चीवर असतात. मादी फूल त्याच दाखवतात, मी फक्त हात चालवते. सात गिलक्या धरल्या. पहिली परवा तोडली, त्यांनी तिची भजी करायला लावली.

झेंडूच्या चार कळ्या लक्ष्मीपूजनाला उमलल्या. तोरणाला पुरणार नव्हत्या. त्यांनी दोन देवीला वाहिल्या, दोन स्वतः कापडात गुंडाळून बियांसाठी ठेवल्या. संकरित निघेल तसं निघेल, पण त्या बियाही पेरायच्या असं त्यांनी सांगितलं आहे. वाळूत खोचलेल्या नऊ शेंड्यांपैकी सहांना मुळ्या फुटल्या आहेत.

आता एकच विचारते. मिरचीची दोन झाडं पानं वर वळवून आक्रसली आहेत, हलवलं की खालून बारीक पांढऱ्या माश्या उडतात. काढून टाकू का?

तगारीवाला

हो, ती दोन आजच काढा आणि ढिगात नका टाकू, कचऱ्याच्या गाडीत द्या. पांढरी माशी हा पानं आक्रसण्याचा (चुरडा-मुरडा) रोग टोमॅटोवरही नेते. उरलेल्या मिरच्यांवर आणि टोमॅटोवर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, साबणाचे दोन-चार थेंब, चांगलं घुसळून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा. गिलकीवर सकाळी फवारू नका, मधमाश्या असतात.