एका वर्कफ्लोने दुसरा सुरू करावा का?

रावेरकर: आमचं केळी खरेदीच्या हिशेबाचं ॲप आहे. कोड ठेवायच्या गिटहब साइटवर दोन वर्कफ्लो, म्हणजे आपोआप चालणारी कामं, होते. पहिला टेस्ट चालवायचा, दुसरा 'वर्कफ्लो_रन'ने त्याच्यामागे सुरू होऊन कोड सर्व्हरवर चढवायचा. मागच्या महिन्यात टेस्ट फेल झाली, तरी दुसरा धावला. 'कम्प्लीटेड' म्हणजे पहिला संपला, एवढंच. पास झाला असं नव्हे. निकाल, म्हणजे 'कन्क्लूजन', 'सक्सेस' आहे का, ही अट आम्ही टाकलीच नव्हती. दुपारी काट्यावर एका शेतकऱ्याच्या पावतीत कटती दोनदा वजा झाली. माणूस पावती धरून तासभर उन्हात उभा. माझं मत पक्कं झालंय: साखळी नकोच. एकाच वर्कफ्लो फाइलीत दोन जॉब, मध्ये 'नीड्स' ही अट. पहिला पडला की दुसरा हलत नाही.

धुळेकर: वाईट झालं भाऊ, पण चूक राहिलेल्या अटीची आहे, साखळीची नाही. आमची हिशेबाची लायब्ररी, म्हणजे सामायिक कोड, वेगळ्या रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) आहे, तीन ॲप तिच्यावर चालतात. 'नीड्स' एका वर्कफ्लोबाहेर जात नाही. लायब्ररी बदलली की तिन्ही बिल्ड व्हायलाच हवेत. तिथे दुसऱ्या रिपॉझिटरीतला वर्कफ्लो बाहेरून सुरू करणारा 'रिपॉझिटरी_डिस्पॅच' लागतोच.

रावेरकर: आणि त्यासाठी लागणारं टोकन, म्हणजे परवानगीची किल्ली, कोणाचं? वर्कफ्लोला मिळणारं गिटहब टोकन त्याच रिपॉझिटरीपुरतं. म्हणजे तुम्ही कोणाचं तरी वैयक्तिक टोकन सीक्रेटमध्ये (गिटहबच्या गुप्त साठ्यात) ठेवलं असणार. तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला की?

नंदुरबारकर: टोकनाबद्दल रावेरकरांचं बरोबर आहे. गिटहब ॲप, म्हणजे गिटहबवर नोंदवलेली स्वतंत्र ओळख, बनवा. त्याचं टोकन तासाभरात संपतं आणि कोणा एका माणसाला बांधलेलं नसतं. आणखी एक, यात आमचे दोन दिवस गेले. वर्कफ्लोने आपल्या गिटहब टोकनाने टॅग (कोडच्या आवृत्तीची खूण) पुश केला, म्हणजे गिटहबवर पाठवला, तर त्या पुशवर दुसरा वर्कफ्लो सुरूच होत नाही. एरर नाही, काही नाही. एकमेकांना अखंड चालवत बसू नयेत म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय. 2022 पासून 'रिपॉझिटरी_डिस्पॅच' आणि 'वर्कफ्लो_डिस्पॅच' या दोघांना तेवढी सूट आहे. 'वर्कफ्लो_रन' मात्र मीही टाळतो. त्यात चेकआउट, म्हणजे कोड उतरवून घेणारी पायरी, मुख्य ब्रँचचा शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) उचलते. टेस्ट झालेल्या कमिटचा क्रमांक, 'हेड_शा', दिला नाही तर टेस्ट एका कोडची, चढवला दुसराच.

रावेरकर: हे शेवटचं माहीत नव्हतं. आज जुने लॉग काढून बघतो.

धुळेकर: टोकन माझ्याच नावाचं आहे, खरंय. या आठवड्यात गिटहब ॲपचं लावतो. साखळी मात्र मी तोडणार नाही.