मदत हवी आहे : एम-६५ फील्ड जॅकेट, बजेट ४००० पर्यंत

नमस्कार मंडळी. डिसेंबरात पहाटे साडेपाचला बाइकवरून कामाला जातो, त्यासाठी अमेरिकन सैन्याच्या एम-६५ धाटणीचं जॅकेट घ्यायचंय. १९६५ साली आलेलं तेच ते, चार मोठे खिसे आणि कॉलरच्या चेनमध्ये गुंडाळलेली टोपी.

गेल्या वर्षी ऑनलाइन १४०० रुपयांचं घेतलं आणि फसलो. कॉलरची चेन नुसती शोभेची, उघडली तर आत टोपी नाहीच! कंबरेची दोरी दुसऱ्या धुण्यात निघून हातात आली. कापडातून वारा असा घुसायचा, की आत स्वेटर घालावाच लागे.

मूळ कापड सुती-नायलॉन मिश्र असतं. त्या जातीचं नवं चांगलं, की जुन्या बाजारातलं खरं सरप्लस, म्हणजे सैन्याने विकून टाकलेलं? जुन्याच्या आतल्या लेबलवर डीएसए किंवा डीएलए (अमेरिकन सैन्याच्या पुरवठा खात्याची आद्याक्षरं) ने सुरू होणारा कंत्राट क्रमांक असतो म्हणे. पण लेबलही नकली असेल तर कशावरून ओळखायचं? बटणांनी लावायचं अस्तर वेगळं मिळतं का? माप ढगळ असतं, मग मी मिडियमवाला स्मॉल घेऊ का?

रंग साधा ऑलिव्हच हवा. सैनिकी कॅमोफ्लाजचे ठिपके नकोत, उगाच कुणी हटकायला नको.