होडी उठतच नाही, आउटबोर्डला कुठला पंखा घालू? तातडीने मदत हवी आहे

शिवोलीचा_खलाशी (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी, लवकर सांगा, शनिवारी गिऱ्हाईक घेतलंय. फायबरच्या होडीला आउटबोर्ड (मागच्या फळीला लावायची मोटर) आहे, आधी मस्त पळायची, आता माणसं बसली की नाक वर करून नुसतं पाणी ढकलत राहते, मोटर ओरडते पण होडी उठत नाही, म्हणजे पाण्यावर चढून हलकी पळत नाही. दुकानदार म्हणतो स्टेनलेसचा पंखा घे, शेजारचा म्हणतो चार पात्यांचा घे. कुठला घेऊ एवढंच सांगा, बाकी काही नको.

मांडवीकाठ:
मोटर किती एचपी? होडी किती फूट? पंख्यावर आकडे काय आहेत?

खारा_वारा:
चार पात्यांचाच घ्या, डोळे मिटून. मी घातल्यापासून लोड असला तरी झटकन उठते, वळणावर पाणी सोडत नाही. वरचा स्पीड थोडा जातो पण आपल्याला काय शर्यत लावायचीय.

मांडवीकाठ:
@खारा_वारा, अहो त्यांचा पिच माहीत नाही, आरपीएम (मोटरचे मिनिटाला फेरे) माहीत नाही, आणि तुम्ही पाती मोजायला लागलात. आधी त्यांना सांगू तर द्या.

शिवोलीचा_खलाशी:
४० एचपी, टू स्ट्रोक. होडी २२ फूट. आकडे कुठे असतात?

जुना_मेकॅनिक:
पात्यांमधल्या गोल भागावर कोरलेले असतात, नाहीतर पात्याच्या मुळाशी. रंगाखाली दडले असतील तर तारेच्या ब्रशने घासा. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशोबाने किती इंच पुढे जायला हवा ते. पुढे एखादं अक्षर असतं तेही लिहून घ्या, कारण आतल्या बुशचं (पंखा शाफ्टवर धरणाऱ्या रबरी नळीचं) माप त्यावरून ठरतं, चुकीचं अक्षर आणलंत तर शाफ्टवर बसणारच नाही.
आणि मोटर ओरडते म्हणजे नक्की काय? आरपीएम चढतो आणि होडी जागच्या जागी, की फुल थ्रॉटल देऊनही आवाज दबलेला? दोन्हींची कारणं अगदी उलट आहेत. पहिल्यात रबरी बुश सुटलाय किंवा पंखा हवा ओढतोय, दुसऱ्यात पिच जास्त झालाय.

रापणवाला:
पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता? टू स्ट्रोकला ५० ला १ पाहिजे. लोक हाताच्या अंदाजाने ओततात आणि मग प्लग काळे. केरळात तर रॉकेलवर चालवतात, त्यांचं गणितच वेगळं.

शिवोलीचा_खलाशी:
ऑइलचा प्रश्न नाहीये हो. पंख्यावर ११ १/८ × १३ - जी असं आहे. आरपीएमचं मीटर नाही माझ्याकडे.

मांडवीकाठ:
मग कोणाकडून तरी टॅकोमीटर मागून घ्या, प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा मिळतो, महाग नसतो. त्याशिवाय पंखा ठरवणं म्हणजे वजन न करता मासळीचा भाव लावणं. मोटरच्या पुस्तकात फुल थ्रॉटलची रेंज दिलेली असते, या साइजच्या बऱ्याच टू स्ट्रोकना ४५०० ते ५५०० असते, तुमच्या पुस्तकात बघून खात्री करा. नेहमीची माणसं, बर्फाची पेटी, पेट्रोलचा कॅन, सगळं भरून फुल थ्रॉटलला आकडा बघा, मग रिकाम्या होडीचा बघा. पिच एक इंचाने कमी केला तर साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

बेतुलकर:
उंची कोणीच विचारली नाही. मोटर बंद, पूर्ण खाली सोडलेली, अशी मागून बघा, पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली पाहिजे. वर असेल तर पंखा हवा ओढतो, विशेषतः वळताना. फार खाली असेल तर नुसता विरोध, मागे पाण्याचा फवारा. माझ्या होडीला मागच्या फळीवर लाकडी पट्टी ठोकून मोटर वर घेतली तेव्हा कुठे सुधारली.

स्टीलप्रेमी_बार्देश:
दुकानदार बरोबर बोलला. स्टेनलेसची पाती पातळ असतात, जोरात वाकत नाहीत, पाणी धरतात. चापोरा नदीच्या मुखावर वाळू एवढी वर आलेली असते की अ‍ॅल्युमिनियमची कड बघता बघता झिजते. एकदाच खर्च करा.

जुना_मेकॅनिक:
@स्टीलप्रेमी_बार्देश, वाळूचं खरं आहे. पण चापोऱ्यात वाळूबरोबर खडपंही (पाण्यातले खडक) आहेत. अ‍ॅल्युमिनियमचा पंखा खडपावर आपटला तर पातं वाकतं, तुटतं, पंख्यावर भागतं. स्टेनलेस वाकत नाही, धक्का सरळ शाफ्टला आणि खाली गिअरला जातो. ४० च्या मोटरचा खालचा गिअरबॉक्स नवा घ्यायचा म्हटलं तर पंख्याच्या कितीतरी पट खर्च.

स्टीलप्रेमी_बार्देश:
अहो बुश दोन्हीला रबरीच असतो, धक्का तो खातो. त्यासाठीच असतो तो.

जुना_मेकॅनिक:
काही धक्का खातो, सगळा नाही. माझ्याकडे दात तुटलेले गिअर येतात त्यात स्टेनलेसवाले असतात, म्हणून सांगतो. खोल पाण्यात ग्रांदे बेटाकडे जाणाऱ्याने खुशाल घालावा. नदीत आणि खडपांत जाळी टाकणाऱ्याने नको.

शिवोलीचा_खलाशी:
टॅकोमीटर मिळाला. भरलेल्या होडीत फुल थ्रॉटलला ४३००, त्याच्या वर जातच नाही. मी एकटा असताना ५०००. पुस्तकात रेंज ४५०० ते ५५०० च आहे, गिअर रेशो २.०० लिहिलाय. एकटा असताना मोबाइलच्या जीपीएसवर २१ नॉट दाखवतो. प्लेट तळाच्या रेषेत आहे. आता सांगा स्टील की चार पाती?

मांडवीकाठ:
दोन्ही नको. बघा, ५००० आरपीएम गुणिले १३ चा पिच, भागिले २ (गिअर रेशो, मोटरच्या दोन फेऱ्यांत पंख्याचा एक), भागिले १२१५ (मिनिटाच्या इंचांचे नॉट करायला), म्हणजे पावणेसत्तावीस नॉट आले. प्रत्यक्षात २१. स्लिप, म्हणजे हिशोबापेक्षा पडलेली तूट, २१ टक्क्यांच्या आसपास, अशा होडीला चालण्यासारखी. म्हणजे बुश सुटलेला दिसत नाही, हवाही ओढत नाही. भरल्यावर ४३०० म्हणजे मोटर घुसमटतेय, १३ चा पिच जड पडतोय. ११ घातला तर भरलेली ४६००-४७०० ला जाईल, रिकामी ५४०० च्या आत राहील.
पण आधी मस्त पळायची म्हणालात, मग मध्ये काय बदललं? हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

शिवोलीचा_खलाशी:
पंखा बदलला ना. पावसाळ्याआधी जुन्याचं पातं खडपाला लागून वाकलं, मेकॅनिकने त्याच्याकडचा दुसरा बसवला, म्हणाला सेम आहे. दिसायला सेमच आहे. जुना पडवीत पडलाय, आत्ता घासून बघितला, ११ ५/८ × ११ - जी.

मांडवीकाठ:
झालं की मग. ११ च घ्या, जुन्याचाच आकडा.

खारा_वारा:
चार पात्यांत ११ घेतला तर अजून छान.

मांडवीकाठ:
चौथ्या पात्याने आरपीएम आणखी खाली येतो, मग पिच अजून कमी करायला लागणार. आधीच दमलेल्या मोटरला ते कशाला.

बेतुलकर:
साळ नदीच्या मुखावर पण यंदा गाळ भयंकर, ओहोटीला बेतुलला शिरायचं म्हणजे पंखा हातात घेऊनच जायचं. गाळ कधी काढणार कोणाला माहीत. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि पहिल्याच आठवड्यात कोणाचा तरी पंखा जातो.

जुना_मेकॅनिक:
गाळासाठी वेगळा धागा काढा हो. @शिवोलीचा_खलाशी, पंखा आणाल तेव्हा नुसता बदलू नका. खालचं गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं, आणि जाळ्याची तंगूस (नायलॉनची दोरी) वगैरे पंख्यात कधी गुंडाळली होती का?

शिवोलीचा_खलाशी:
तंगूस तर गुंडाळतेच, सगळ्यांचीच गुंडाळते, बाहेरून कापून टाकतो. गिअर ऑइल मेकॅनिकने बघितलं असेल. तुमच्या सांगण्यावरून खालचा स्क्रू जरा सैल केला तर पांढरट काहीतरी आलं, चहासारखं. पण तो प्रश्न नाहीये, पंख्याचं झालं ना नक्की?

जुना_मेकॅनिक:
बाबा, आता तोच प्रश्न आहे! पांढरं म्हणजे आत पाणी शिरलंय. पंख्याचं राहू दे, शनिवारचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या होडीत द्या. खाऱ्या पाण्यात मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग आणि गिअर फार दिवस काढत नाहीत, आणि माणसं भरून निघालात आणि मुखावरच गिअरबॉक्स बसला तर ओहोटी कुठे नेईल सांगता येत नाही.

पंखा काढा, त्याच्या मागचा थ्रस्ट वॉशर काढा (तो कधी कधी पंख्याच्या पोटातच चिकटून राहतो, जुन्याबरोबर फेकू नका), आणि शाफ्टभोवती नीट बघा. तंगूस बाहेरून कापली तरी आत शिरलेली राहते आणि सीलची (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कडीची) कड कापते. ऑइल पूर्ण काढताना वरचा लेव्हल स्क्रूही उघडा. ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट असेल तर चालतं, तुकडे असतील तर उघडावंच लागेल. दोन्ही शाफ्ट सील नवीन, दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवीन. मग रिकाम्या गिअरबॉक्सला साधारण १० पीएसआय हवा भरून साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. पुस्तकात आकडा असेल तर तोच धरा. नवं ऑइल खालच्या भोकातून पंपाने भरा, वरून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून खालचा. वरून ओतलंत तर हवा अडकते आणि कमी भरतं.

रापणवाला:
ऑइल कुठलं? साधं इंजिन ऑइल चालतं आमच्याकडे.

जुना_मेकॅनिक:
नाही चालत. हायपॉइड गिअर ऑइल, एसएई ९०, पुस्तकात असेल तेच. आणि १०० तास किंवा ६ महिने, जे आधी होईल तेव्हा बदलायचं.

मांडवीकाठ:
शाफ्टच्या खाचांना वॉटरप्रूफ ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी पंखा हातोड्यानेच निघेल. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीन. आणि जस्ताच्या अ‍ॅनोडवर (मोटरऐवजी स्वतः गंजणारा तुकडा) रंग मारू नका, रंगवला की तो काही वाचवत नाही.

शिवोलीचा_खलाशी:
गिऱ्हाईक मित्राला दिलं. पंखा काढला, वॉशरच्या मागे तंगूस वितळून काळी कडी झालेली. सील दोन्ही बदलली, चुंबकावर पेस्टच होती, तुकडे नव्हते. हवा धरतोय. ११ चा आला, भरलेल्या होडीत ४७००, कोणी पुढे न सरकताच उठली. १३ चा पंखा काय करू, विकू?

खारा_वारा:
विकू नका, होडीत स्पेअर ठेवा. नट, वॉशर, स्प्लिट पिन आणि पाना त्याच पिशवीत. जड असला तरी घरी तर आणेल.